पुसलेलं पुस्तक बोलू लागलं!

मुलांनो, पाटीवरचं गणित पुसून त्यावर कविता लिहिली, तर खालचं गणित पुन्हा वाचता येईल का? नाही ना? पण एका पुस्तकाच्या बाबतीत असं खरंच घडलं.

आजचं इस्तंबूल म्हणजे पूर्वीचं कॉन्स्टँटिनोपल, बायझंटाइन साम्राज्याची राजधानी. त्या काळी तिथे छापखाने नव्हते. जुने ग्रीक ग्रंथ लेखनिक हाताने उतरवून काढत. दहाव्या शतकात अशाच एका लेखनिकाने थोर गणिती आर्किमिडीजचे ग्रंथ चर्मपत्रांवर, म्हणजे खास तयार केलेल्या कातड्यावर, लिहिले.

चर्मपत्र भारी महाग! म्हणून १२२९ साली कुणीतरी ती अक्षरं खरवडली, पानं आडवी फिरवली आणि त्यांवर प्रार्थना लिहिल्या. गणित गेलं की हो! पण गंमत बघा, प्रार्थनापुस्तक झालं म्हणूनच ते मठात शतकानुशतकं जपलं गेलं.

१९०६ साली हायबर्ग या डॅनिश अभ्यासकाने प्रार्थनांआडची पुसट अक्षरं भिंगातून वाचली. त्यांत आर्किमिडीजचा ‘पद्धत’ हा हरवलेला ग्रंथ सापडला! पुढे पुस्तक पुन्हा दिसेनासं झालं. १९९८ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ते २० लाख डॉलरला विकलं गेलं. नव्या मालकाने ते अभ्यासासाठी बाल्टिमोरच्या संग्रहालयात ठेवलं. जुन्या शाईत लोह होतं. क्ष-किरणांनी नेमकं तेच हेरलं आणि राहिलेली अक्षरंही उमटली.

आर्किमिडीजचं नाव जगाला ठाऊक आहे. पण त्या अनाम लेखनिकाने बोरू उचललाच नसता तर?