यंत्रासाठी वर्णन लिहिताना

माळव्यातील एका जुन्या मराठी ग्रंथालयाची सूची अलीकडे संगणकावर आली. माझा एक माजी विद्यार्थी आता संगणक अभियंता आहे. त्याने त्या सूचीला कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक ‘एजंट’ जोडून दिला. वाचकाने साध्या मराठीत प्रश्न विचारावा आणि एजंटाने सूची चाळून उत्तर द्यावे, अशी ही सोय. पहिल्याच आठवड्यात एका विद्यार्थिनीने आपल्या पणजोबांच्या पुस्तकाची चौकशी केली. उत्तर आले, ‘हे पुस्तक ग्रंथालयात नाही.’ तिने ते खरे मानले आणि ती परत गेली. पुस्तक मात्र कपाटात होते. मी स्वतः ते हाताळले होते.

विद्यार्थी माझ्याकडे आला. म्हणाला, “बाई, आज्ञावलीत चूक नाही. दहा वेळा तपासली.” त्याचे म्हणणे खरे होते. चूक एका मराठी वाक्यात होती, आणि म्हणूनच ती भाषेच्या माणसांनी समजून घ्यावी असे मला वाटते.

हा एजंट काम कसा करतो ते आधी पाहू. भाषा मॉडेल मजकूर वाचते आणि मजकूर लिहिते. ग्रंथालयाची सूची ते आपण होऊन उघडू शकत नाही. त्यासाठी त्याला ‘साधने’ दिली जातात. आमच्याकडे दोन होती: एक सूचीत शोधणारे, दुसरे देवघेवीची नोंदवही पाहणारे. प्रत्येक साधनाबरोबर तीन गोष्टी लिहून द्याव्या लागतात: त्याचे नाव, त्याचे वर्णन आणि त्याला कोणती माहिती कोणत्या रूपात पुरवायची याचा तक्ता. हे वाचून मॉडेल साधन निवडते आणि मागणी लिहिते. प्रत्यक्ष काम आज्ञावली करते व निकाल मॉडेलकडे परत पाठवते. ओपनएआयने जून २०२३ मध्ये ही सोय आपली मॉडेले वापरणाऱ्या अभियंत्यांना खुली केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने अशी साधने जोडण्याची ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ ही खुली पद्धत जाहीर केली. पद्धत कोणतीही असो, मॉडेलला साधनाच्या आतली आज्ञावली सहसा दिसत नाही. त्याच्यासमोर असते ते फक्त वर्णन.

आमच्या साधनाचे वर्णन दोन शब्दांचे होते: ‘पुस्तक शोधते.’ लिहिणाऱ्याला ते पुरेसे वाटले, कारण बाकीचे त्याच्या डोक्यात होते. त्याहून अधिक ग्रंथपालांच्या डोक्यात होते. शीर्षके पुस्तकावर छापली आहेत तशीच सूचीत उतरवलेली आहेत, हे त्यांना ठाऊक होते. १९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार गळले, पण जुन्या पुस्तकांवर ते कायम आहेत. विद्यार्थिनीने ‘काही’ लिहिले होते. पुस्तकाच्या नावात ‘कांहीं’ होते. शिवाय कित्येक पुस्तकांवर वर्ष शके पद्धतीने आहे. शके १८५० म्हणजे इसवी सन १९२८-२९. माणूस हे ग्रंथपालांना विचारून घेतो. यंत्र विचारायला जात नाही. दिलेल्या वाक्यावर विसंबते.

आम्ही दोघांनी बसून वर्णन पुन्हा लिहिले:

‘ग्रंथालयाच्या सूचीत शीर्षकावरून किंवा लेखकाच्या आडनावावरून नोंद शोधते. पुस्तक संग्रहात आहे का, हे पाहण्यासाठी वापरावे. ते सध्या कपाटात आहे की वाचकाकडे, हे यातून कळत नाही. त्यासाठी देवघेवीचे साधन वापरावे. शीर्षके छापील रूपातच नोंदवलेली आहेत. जुन्या पुस्तकांसाठी अनुस्वारासह आणि अनुस्वाराविना, अशा दोन्ही रूपांनी शोधावे (काही, कांहीं). वर्ष इसवी किंवा शके असू शकते. नोंद न मिळाल्यास पुस्तक नाहीच असे सांगू नये. ग्रंथपालांकडे चौकशी करण्यास सुचवावे.’

यात साधन काय करते हे आहेच. पण ते कधी वापरावे, कधी वापरू नये, माहिती कोणत्या रूपात द्यावी आणि रिकाम्या निकालाचा अर्थ काय, हेही आहे. माझ्या मते शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे. ‘सापडले नाही’ आणि ‘नाही’ यांतला फरक मराठी माणसाला सांगावा लागत नाही. इथे तो लिहावा लागला.

तक्त्यातही बदल केले. ‘नाव’ या रकान्यात कोणाचे नाव? पुस्तकाचे की लेखकाचे? आता ‘पुस्तकाचे शीर्षक’ आणि ‘लेखकाचे आडनाव’ असे दोन रकाने आहेत. अनुस्वाराकडे दुर्लक्ष करून शोधण्याची सोय आज्ञावलीतच झाली तर उत्तमच. तेव्हा वर्णनातले ते वाक्य काढून टाकावे. कारण साधनांची वर्णने मॉडेलला प्रत्येक संभाषणात वाचावी लागतात. अनावश्यक वाक्यांच्या गर्दीत आवश्यक वाक्य हरवते.

लिहून झाले म्हणजे काम संपले असे नाही. वाचकांनी खरोखर विचारलेले प्रश्न आम्ही एजंटाला पुन्हा विचारले. तो कोणते साधन निवडतो, त्यात काय भरतो, हे पाहत गेलो. जिथे चुकला तिथे आधी आमचे वाक्य तपासले. बहुतेक वेळा वाक्यच मोघम निघाले. विद्यार्थिनीचा प्रश्न विचारला तेव्हा त्याने प्रथम ‘काही’ आणि मग ‘कांहीं’ असे शोधले. नोंद सापडली. ग्रंथपालांनी तिला निरोप धाडला.

वर्गात हा प्रयोग सहज करता येईल. विद्यार्थ्यांना शाळेच्या ग्रंथालयातील नोंदवहीचे वर्णन लिहायला सांगावे. अट एकच: ते वाचून परक्या माणसाला, कोणालाही काही न विचारता, नोंद शोधता आली पाहिजे. पहिल्या प्रयत्नात बहुतेकांचे वर्णन ‘पुस्तक शोधते’ इतकेच निघेल. राहिलेले काय, ते त्या परक्या माणसाच्या अडचणींवरून कळत जाईल.