मराठ्यांचं घोडदळ होतं, उंटदळ का नव्हतं? उत्तर जव्हार-मोखाड्याच्या घाटात

पालघर जिल्ह्यातल्या जव्हारजवळ शिरपामाळ नावाचं ठिकाण आहे. सुरतेच्या पहिल्या स्वारीवर निघालेल्या शिवाजी महाराजांचा ३१ डिसेंबर १६६३ रोजी इथे मुक्काम होता आणि जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी शिरपेच देऊन त्यांचं स्वागत केलं, असं सांगितलं जातं. जागेचं नावही त्यावरूनच पडल्याचं मानतात. जानेवारी १६६४च्या पहिल्याच आठवड्यात मराठे सुरतेच्या वेशीवर होते. सरळ रेषेत हे अंतर सुमारे दीडशे किलोमीटर. वाटेत डोंगर, जंगल आणि नद्या.

एवढ्या झपाट्याने जाता आलं ते घोड्यांमुळे. पण वाळवंटी मुलखात उंटावरूनही लढाया होत होत्या. उंट ओझं जास्त वाहतो, पाण्याशिवाय कित्येक दिवस काढतो. मग मराठ्यांनी उंटांची फौज का उभारली नाही?

पहिलं कारण पायात आहे. उंटाचा तळवा रुंद आणि गादीसारखा मऊ असतो. वाळूत तो पसरतो, त्यामुळे पाय रुतत नाही. पण ओल्या चिकणमातीवर हाच तळवा घसरतो आणि टोकदार दगडांनी फाटतो. त्र्यंबकहून मोखाड्याकडे उतरणारा घाट आठवा, म्हणजे अडचण लक्षात येईल. घोड्याचा खूर टणक, त्यावर लोखंडी नाल. त्यातही भीमा नदीच्या काठावरचा म्हणून ‘भीमथडी’ म्हटला जाणारा दख्खनी घोडा ठेंगणा, काटक आणि मिळेल त्यावर भागवणारा. दिसायला अरबी घोड्याएवढा रुबाबदार नाही, पण चढ-उतारात उपयोगाचा.

खरा प्रश्न चाऱ्याचा

घोडा मात्र खर्चिक प्राणी. ढोबळ हिशेब करून पाहा. सुरतेच्या स्वारीत साधारण चार हजार घोडेस्वार होते असं धरलं आणि एका लहान चणीच्या घोड्याला दिवसाला सहा-सात किलो चारा व २० लिटर पाणी लागतं असं मानलं, तर रोजचा चारा २५ टनांच्या आसपास जातो. पाणी ८० हजार लिटर, म्हणजे उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांवर येणाऱ्या दहा हजार लिटरच्या टँकरच्या आठ फेऱ्या. रोज!

म्हणूनच मोहिमा पाऊस संपल्यावर, दसऱ्याच्या सुमारास निघत. तेव्हा रानात गवत आणि ओढ्यांना पाणी असतं. पावसाळ्यात घोडी छावणीत. सभासद बखरीनुसार दर २५ बारगिरांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावरचा स्वार; स्वतःचं घोडं आणणारा तो शिलेदार.

१६७०च्या दशकात चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना गेलेलं महाराजांचं पत्र प्रसिद्ध आहे. त्यातली काळजी लढाईची नाही, वैरणीची आहे. दाणा-वैरण आताच उधळली तर पावसाळ्यात घोडी मरतील, मग लोक रयतेला त्रास देतील, असं त्यात बजावलं आहे. रात्री दिवा ठेवलात तर उंदीर पेटती वात पळवेल आणि गवताला आग लागेल, हेही. साडेतीनशे वर्षांपूर्वीचं हे पत्र आजच्या एखाद्या गोदामातही लावता येईल.

पानिपतावर उलटं झालं

हीच वैरण पानिपतावर नडली. १७६०च्या अखेरीस अब्दालीने रसद तोडली आणि मराठ्यांच्या छावणीत माणसांबरोबर घोडीही उपाशी राहिली. १४ जानेवारी १७६१ला लढाई झाली तेव्हा अनेक घोड्यांत दौडायचं त्राण नव्हतं.

समोर उंट होते. अब्दालीकडे जंबुरकं होती, म्हणजे उंटाच्या खोगिरावर बसवलेल्या, फिरवता येणाऱ्या हलक्या तोफा. अशा उंटांची संख्या दोन हजारांच्या घरात सांगितली जाते. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा जड. एकदा मांडल्या की हलवणं अवघड. जंबुरक मात्र हवं तिथे न्यायचं, उंट बसवायचा, बार काढायचा, पुन्हा उठायचं. सपाट, कोरड्या मैदानात याला तोड नव्हती. हाच उंट जव्हारच्या जंगलात सुरतेइतका लांब पोहोचला असता का, हा प्रश्नच आहे.

घोड्याला उंटाचा वास सहन होत नाही, ही गोष्ट तर फार जुनी. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकात इराणच्या सायरसने ओझ्याचे उंट पुढे उभे केले आणि लिडियाच्या राजाचं नावाजलेलं घोडदळ बिथरलं, असं ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो. स्वारांना उतरून पायी लढावं लागलं. सवयीने घोड्यांची ही भीती जाते, पण सवय लावायला वेळ हवा.

मराठ्यांनी उंट अगदीच टाळला असं मात्र नाही. सामान वाहायला तो होताच. शिवाय तातडीचा निरोप घेऊन जायला सांडणीस्वार असत. सांडणी म्हणजे वेगाने चालणारी उंटीण. फौज घाटावर आली, पुढे माळव्यात आणि उत्तरेत गेली, तसा सांडणीचा उपयोग वाढला. सीमा सुरक्षा दल राजस्थान आणि कच्छच्या सीमेवर आजही उंटावरून गस्त घालतं.