‘आठ रिश्टर’चा रॅक कुठेच नसतो

गैरसमज : दूरसंचार यंत्रणा ‘आठ रिश्टरला टेस्टेड’ असते.

हे वाक्य माहितीपत्रकात छापलेलं असतं, निविदेत उतरतं आणि बैठकीत ठामपणे सांगितलं जातं. कितीदा खोडून काढलं तरी ते परत येतं, म्हणून एकदा नीट बघू.

रिश्टरचा आकडा भूकंपाच्या उगमाशी किती ऊर्जा सुटली हे सांगतो. तुमच्या एक्स्चेंजच्या फरशीला किती हिसका बसला, हे तो सांगत नाही. 1993 चा किल्लारीचा भूकंप सुमारे 6.2 चा, 2001 चा भूजचा सुमारे 7.7 चा. पण भूजचा धक्का मुंबईत नुसता जाणवला, किल्लारीत घरंच्या घरं बसली. यंत्राला आकडा कळत नाही, पायाखालचा हिसका कळतो. अंतर, खोली, जमीन आणि मजला यांवर तो ठरतो. मग ‘आठ रिश्टर’ कुठून, किती अंतरावरून?

वस्तुस्थिती : चाचणी हलत्या टेबलावर होते. अमेरिकेतल्या टेल्कॉर्डिया कंपनीच्या ‘जीआर-63-कोअर’ या मानकातली ‘झोन 4’ ही सर्वांत कडक पातळी घ्या. यंत्रांनी भरलेला रॅक टेबलाला बोल्टने आवळतात. आधी हलकी कंपनं देऊन तो स्वतःहून कोणत्या वारंवारतेला डोलतो ते शोधतात. ती किमान 2 हर्ट्झ हवी. मग सुमारे अर्ध्या मिनिटाची कृत्रिम भूकंपलहर, तिन्ही दिशांना वेगवेगळी. रॅकचं डोकं पायाच्या तुलनेत 75 मिलिमीटरपेक्षा जास्त झुकता कामा नये. शेवटी वेल्ड, बोल्ट, खाचेतून सरकलेली कार्डं तपासतात आणि यंत्र चालतं का ते पाहतात.

या मानकातला ‘5 जी’ (जी म्हणजे गुरुत्वत्वरण) हा आकडाही असाच चुकीचा वाचला जातो. टेबल तेवढ्या त्वरणाने हलत नाही. त्याचं त्वरण 1.6 जीच्या आसपास असतं. 5 जी म्हणजे 2 ते 5 हर्ट्झला डोलणाऱ्या, 2 टक्के अवमंदन असलेल्या वस्तूला त्या लहरीत बसणारा झटका. झोक्याला त्याच्या लयीत हलका धक्का दिला तरी तो उंच जातो, तसंच हे. इमारतीचे वरचे मजलेही साधारण अशाच संथ लयीत हलतात, म्हणून रॅक कडक असावा लागतो.

बाकीचे थोडक्यात

*‘जड रॅक हलत नाही.’* वस्तुमान जितकं जास्त, तितकं भूकंपाचं बलही जास्त. रॅक धरून ठेवतात ते अँकर बोल्ट.

*‘ट्रकमधून सुखरूप आलं, म्हणजे भूकंपातही टिकेल.’* वाहतुकीची चाचणी वेष्टनातल्या, बंद यंत्राची असते. भूकंपाची उघड्या, बसवलेल्या यंत्राची.

*‘प्रमाणपत्र आहे, आता काळजी नाही.’* प्रमाणपत्र चाचणीतल्या मांडणीचं असतं. जड बॅटऱ्या वरच्या कप्प्यात चढवल्या किंवा चारऐवजी दोनच बोल्ट लावले, की ते लागू होत नाही.

*‘भूकंपानंतर फोन लागत नाही, म्हणजे टॉवर पडले.’* बऱ्याचदा एकाच वेळी सगळे फोन करतात म्हणून लाइन तुंबते. 2011 च्या जपानमधल्या भूकंपानंतर वीज गेल्यामुळे आणि बॅटऱ्या संपल्यामुळेही अनेक केंद्रं बंद पडली.

*‘आपल्याकडे भूकंप होत नाहीत.’* कोयना, 11 डिसेंबर 1967. आणि 1993 पर्यंत किल्लारीचा परिसर भारताच्या भूकंप-नकाशावर सर्वांत सुरक्षित गटात होता. 2002 च्या नकाशात तो झोन 3 मध्ये गेला.

निविदा लिहिताना ‘रिश्टर’ हा शब्दच काढून टाका. त्याऐवजी चार गोष्टी लेखी मागा : कोणतं मानक आणि कोणती पातळी, रॅकमध्ये किती वजन होतं, बोल्ट कोणते आणि किती, आणि रॅकचं डोकं किती झुकलं. यांचं उत्तर अहवालात नसेल, तर ती खरेदी थांबवा. भूकंपानंतरच्या पहिल्या तासात रुग्णवाहिका बोलावणारा फोन याच रॅकमधून जाणार असतो.