संदर्भाच्या साच्यांतील चुका



मराठी विकिपीडिया हा ज्ञानकोश १ मे २००३ पासून आपल्या भाषेंत वाढत आहे. त्यांतील बहुतेक लेख कोणासहि सुधारतां येतात. म्हणूनच प्रत्येक महत्त्वाच्या विधानास आधार दाखवावा, अशी तेथें अपेक्षा असते. हा आधार ज्या ठराविक चौकटींत लिहितात, तिला साचा म्हणतात. दोन महिरपी कंसांनीं तो उघडतो व दोहोंनीं मिटतो. आंत लेखक, शीर्षक, वर्ष, दुवा असे रकाने उभ्या रेघेनें वेगळे केलेले असतात. रकान्यांत कांहीं चुकलें, कीं लेखाच्या शेवटीं संदर्भांच्या यादींत तांबडीं अक्षरें उमटतात. तीं पाहून नवखा मनुष्य गांगरतो. आज त्यांचाच उलगडा करावयाचा आहे.

प्रथम ती तांबडी ओळ शांतपणें वाचावी. दोष कोणत्या रकान्यांत आहे, हें बहुधा तीच सांगते. दुवा दिला आणि शीर्षक राहिलें, तर ती शीर्षक मागते. साचा कंसांसह उघडा पडून दिसूं लागला, तर मिटणारा एखादा कंस गळलेला असतो. एकच संदर्भ अनेक ठिकाणीं वापरतांना त्यास नांव देतात व मजकूर एकदांच लिहितात. तो मजकूर असलेला परिच्छेद कोणी काढून टाकला, कीं मागें राहिलेलीं नांवें पोरकीं होतात. अशा वेळीं लेखाचा इतिहास उघडून जुन्या आवृत्तींतून मजकूर परत आणावा.

पुस्तकाच्या १३ अंकी क्रमांकाविषयीं तक्रार आली, तर शाळेंतलें गणित उपयोगी पडतें. अंकांना ओळीनें १, ३, १, ३ असें गुणून बेरीज करावी. तिला १० नें निःशेष भाग गेला पाहिजे. न गेल्यास अंक उतरतांना बहुधा चूक झालेली असते. पुस्तकाचें पान पुन्हा पाहावें.

परंतु तांबडी ओळ गेली म्हणजे चूक गेली, असें मात्र नाहीं. आमच्या बीड जिल्ह्यांतील अंबाजोगाईच्या मुकुंदराजांविषयीं लिहितांना मीं घरांतील एका जुन्या पुस्तकाचा आधार जोडला. मुखपृष्ठावर 'श्रावण, शके १८४२' असें होतें. वर्षाच्या रकान्यांत 'शके १८४२' लिहिलें. तांबडी ओळ आली. मीं 'शके' हा शब्द पुसला, ओळ नाहींशी झाली, आणि मी समाधानानें उठलों.

दुसऱ्या दिवशीं ध्यानांत आलें कीं, यंत्रानें १८४२ हा इसवी सन समजला होता. माझ्या हातून पुस्तक ७८ वर्षांनीं म्हातारें झालें! शकांत चैत्रापासून डिसेंबरअखेर ७८ आणि तेथून फाल्गुनअखेर ७९ मिळवावे लागतात. रकान्यांत १९२० हवें होतें.

ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. मुकुंदराजांच्या विवेकसिंधूचा काळ परंपरेनें शके १११०, म्हणजे इ.स. ११८८ मानतात. अशा प्रश्नांच्या चर्चेत कोणी आधीं लिहिलें व कोणी मागाहून, यास फार महत्त्व असतें. माझ्या सनावर विसंबून एखाद्या विद्यार्थ्यानें १९२० चें मत १८४२ चें म्हणून मांडलें असतें, तर दोष त्याचा नव्हता. तांबडी चूक निदान सर्वांना दिसते. मीं केलेली चूक कोणासच दिसत नव्हती.

म्हणून तांबडी ओळ पुसण्याआधीं मूळ पुस्तक हातीं घ्यावें, एवढीच विनंति.