सत्यकथनाचे दायित्व

वेल्समधील रॉबी पॉवेल हा दहा वर्षांचा मुलगा एप्रिल १९९० मध्ये ॲडिसनच्या विकाराने मरण पावला. अधिवृक्क ग्रंथींचा हा विकार वेळीच ओळखल्यास औषधाने आटोक्यात राहतो. डिसेंबर १९८९ मध्येच रुग्णालयात त्याची शंका आली होती; परंतु आवश्यक चाचणी झाली नाही व मातापित्यांना त्याची कल्पनाही दिली गेली नाही.

मृत्यूनंतर पालकांना सत्य सांगणे हे डॉक्टरांचे कायदेशीर कर्तव्य आहे काय? इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९९७ साली नकारार्थी उत्तर दिले. युरोपीय मानवाधिकार न्यायालयानेही २००० साली अर्ज स्वीकारला नाही. तरीही लढा चालूच राहिला. इंग्लंडमध्ये २०१४ साली आणि वेल्समध्ये २०२३ साली हे कर्तव्य बंधनकारक झाले. मात्र ते संस्थांवर आहे, एकेका डॉक्टरावर नव्हे. तेथे सत्यकथन आता केवळ सौजन्याचा विषय राहिलेला नाही.