नशीब : लिहिलेलं आणि पडलेलं

सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत असली की नंदुरबार जिल्ह्यातली तहसील कार्यालयं गजबजतात. घड्या घातलेल्या चिठ्ठ्या बरणीत पडतात. त्या उचलायला बहुधा एखादं शाळकरी पोर पुढे बोलावलं जातं. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूर हे तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे १९९६ च्या पेसा कायद्यामुळे सरपंच आदिवासीच होणार हे आधीच ठरलेलं असतं. चिठ्ठीला ठरवायचं उरतं ते एवढंच, की पद महिलेसाठी राखीव की नाही. अर्धा निकाल कायद्याचा, अर्धा निव्वळ योगायोगाचा. बाहेर पडताना मात्र दोन्हींना एकच शब्द लागतो : नशीब. तरुण असतील तर ‘बॅड लक’.

मतं समसमान पडली तर मराठीत त्या चिठ्ठीला ‘ईश्वरचिठ्ठी’ म्हणतात. २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये अतुल शहा आणि सुरेंद्र बागलकर यांची मतं सारखीच भरली आणि चिठ्ठीने शहा नगरसेवक झाले. इंग्रजीत अशा चिठ्ठीला ‘लॉट’ म्हणतात. मुळात हा शब्द नाव ठरवायला टाकलेल्या लाकडाच्या तुकड्याचा. पुढे त्याचा अर्थ वाट्याला आलेला हिस्सा असा झाला, मग माणसाचं प्राक्तन. ‘लॉटरी’ही त्याच मुळाची. गंमत म्हणजे अरबीतून आलेल्या ‘नशीब’चा अर्थही वाटाच, ‘किस्मत’ म्हणजे वाटणी, आणि ‘भाग्या’त तर ‘भाग’ उघड दिसतो.

पण वाटा कोण ठरवतं? इथे भाषांच्या वाटा वेगळ्या होतात. इंग्रजीतला ‘फेट’ लॅटिनमधून आला. त्याचा मूळ अर्थ ‘उच्चारलेलं’. आपल्याकडे नशीब लिहिलेलं असतं. बाळाच्या पाचवीला किंवा सटीला सटवाई येते आणि कपाळावर लिहून जाते, म्हणून पूजेत कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. विधिलिखित, ललाटरेषा हे शब्द त्याच समजुतीचे. लिहिलेलं खोडता येत नाही.

‘चान्स’चं तसं नाही. तो ‘पडणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. फासे पडावेत तसं काहीतरी पडणं, एवढाच त्याचा मूळ भाव. सारीपाट खेळणाऱ्या मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. दान त्याच्याकडेही पडतंच. मराठीत हा शब्द आता घरचा झाला आहे. पावसाचा चान्स असतो, बसमध्ये जागा मिळण्याचा चान्स असतो. मोठं दुःख कोसळलं की मात्र जीभ ‘नशिबा’कडेच वळते.

सातपुड्यात हा फरक जिवाशी येतो. इथल्या भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल आढळतो. या आनुवंशिक आजारात तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्त अडतं, सांधे असह्य दुखतात. अशा घरात ‘नशिबातच होतं’ असं म्हणून कुणी गप्प बसलं, तर पुढची तपासणी होतच नाही. खरं गणित चान्सचं आहे. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, मूल फक्त वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण मोकळं राहण्याची २५ टक्के. पहिल्या मुलाला आजार झाला म्हणजे पुढची तिघं सुटली, असा हिशेब चुकीचा. दान दरवेळी नव्याने पडतं.

वाहक माणूस सहसा ठणठणीत असतो, त्यामुळे रक्त तपासल्याशिवाय त्याला स्वतःलाही कळत नाही. लग्नाआधी दोन्हीकडची तपासणी झाली आणि जोडीदारांपैकी एकजण वाहक नाही असं निघालं, तर त्यांच्या मुलाला सिकलसेलचा आजार होत नाही. फार तर मूल वाहक होऊ शकतं.