मजकूर कोणाचा, तारीख कोणती?

सत्तरी गाठलेल्या नागरिकांना, उत्पन्नाची कोणतीही अट न घालता, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचा लाभ देणारी आयुष्मान वय वंदना योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून ठिकठिकाणी कार्डे काढून देण्याची शिबिरे भरत आली आहेत. परंतु आधार क्रमांक आणि ओटीपी सांगून झाला की शिबिराची इतिकर्तव्यता संपते, आणि ज्या मोबाइलवर तो ओटीपी आला त्याच मोबाइलवर दिवसभर येऊन पडणारा आरोग्यविषयक मजकूर पारखावा कसा, याची तजवीज कोणीही करीत नाही, हे मला मोठे वैगुण्य वाटते.

आमच्या शेजारच्या काकू चौऱ्याहत्तर वर्षांच्या. एकवीस दिवसांत मधुमेह मुळासकट घालवणाऱ्या काढ्याची कृती भाचीने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, तेव्हा त्यांनी मेटफॉर्मिनची गोळी बंद केली. तीन आठवड्यांनी उपाशीपोटीची साखर ३१० निघाली. "अगं, घरच्या पोरीनंच पाठवलं होतं ना!" असे त्या कळवळून म्हणाल्या, आणि पाठवणारा आपला म्हणजे लिहिणाराही खात्रीचा, हा समज किती खोल रुजलेला असतो ते मला तेव्हा उमगले.

या बाबतीत १९५४ चा एक कायदा मला आजही फार मोलाचा वाटतो. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या अनुसूचीत मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, बहिरेपणा, पक्षाघात, रक्तदाब असे ५४ विकार नमूद असून, अमुक औषधाने ते बरे होतात अशी जाहिरात करण्यास सक्त मनाई आहे. ज्येष्ठांना वैद्यकशास्त्र शिकवण्याचे कारणच नाही. ही यादी ठळक टायपात छापून प्रत्येक विरंगुळा केंद्राच्या भिंतीवर लावली, तरी निम्मा गाळ तळाशी बसेल.

काकूंच्या फोनवरची अक्षरे मी मोठी करून दिली, माइकच्या चिन्हावर बोट ठेवून मराठीतच प्रश्न बोलायला शिकवले, आणि पान उघडताच लिहिणाऱ्याचे नाव, तारीख व खाली काही विक्रीस मांडले आहे काय, एवढे आधी पाहायची सवय लावली. सरकारच्या ई-संजीवनी सेवेवर डॉक्टरांचा सल्ला फोनवरून विनामूल्य मिळतो, हे त्यांना ठाऊक नव्हते. वाचलेल्या गोष्टीवर अंमल करण्याआधी ती डॉक्टरांना विचारायची, म्हणून त्यांनी आता एक दुरेघी वही घातली आहे. तिच्या पहिल्या पानावर, थरथरत्या पण वळणदार अक्षरांत, पहिला प्रश्न आहे: मेटफॉर्मिन मनाने सोडली, त्याने डोळ्यांना काही अपाय झाला असेल का?